साइटवर जाणाऱ्या नेटवर्क टेक्निशियनची बॅग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, कुपवाड आणि तिकडे जत-आटपाडीपासून शिराळ्यापर्यंत आमची माणसं रोज नेटवर्कच्या तक्रारीवर जातात. कामाला नवीन लागलेला मुलगा असो की मुलगी, पहिल्या दोन महिन्यांत विचारलेले प्रश्न साधारण हेच असतात. दरवेळी फोनवर घाईत उत्तर देण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावं म्हणून हे पान केलं. यातलं बरंचसं आम्ही स्वतः चुकून शिकलो आहोत.

नवीन माणसानं बॅगेत सगळ्यात आधी काय घ्यावं?

खात्रीची पॅच कॉर्ड, म्हणजे दोन्ही टोकांना कनेक्टर असलेली छोटी नेटवर्क केबल. एक मीटरची एक, तीन मीटरची एक. स्वतः तपासलेली, गिगाबिटवर (१००० एमबीपीएस वेगावर) चालवून बघितलेली. ऐकायला फार साधं वाटतं, पण साइटवर गेल्यावर हाताशी असलेली कुठलीही कॉर्ड संशयित असते, आणि संशयित कॉर्डनं तपासलेल्या गोष्टीला काही अर्थ उरत नाही.

त्यानंतर लॅनचा (नेटवर्क केबल लावायचा) पोर्ट असलेला लॅपटॉप. हल्लीच्या पातळ लॅपटॉपला तो पोर्ट नसतो, तेव्हा यूएसबीचा गिगाबिट अडॅप्टर घ्या. मग क्रिम्पिंग टूल (केबलच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवायचं), आरजे-४५ कनेक्टर (नेटवर्क केबलच्या टोकाचा), पंच डाउन टूल (भिंतीवरच्या पोर्टमध्ये तारा बसवायचं), केबल टेस्टर, टोनर (गठ्ठ्यातली नेमकी केबल आवाजावरून शोधणारा), फेज टेस्टर, हेड टॉर्च. टॉर्च डोक्यालाच बांधायची हवी. फॉल्स सीलिंगमध्ये एका हातानं शिडी आणि दुसऱ्या हातानं वायर धरल्यावर मोबाइलची बॅटरी कोण धरणार?

एवढं सगळं न्यायचं कशासाठी? बिघाड दुरुस्त करायला क्रिम्पिंग टूल पुरत नाही का?

दुरुस्तीला पुष्कळदा पुरतं. पण तक्रारीवरचा वेळ दुरुस्तीत जात नाही, बिघाड कुणाच्या हद्दीत आहे हे ठरवण्यात जातो. नेट देणारा म्हणतो आमची लाइन ठीक आहे, सॉफ्टवेअरवाला म्हणतो नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे, कॉम्प्युटर विकणारा म्हणतो राउटर बदला. पार्टी बिचारी तिघांच्या मध्ये. आपल्या बॅगेनं ही हद्द पार्टीच्या डोळ्यांसमोर दाखवून द्यायची आणि तसं करताना चालू नेटवर्कला धक्का लागू द्यायचा नाही. बॅगेतली प्रत्येक वस्तू या दोन गोष्टींच्या हिशोबानं निवडा.

पॉकेट राउटर नेमका काय कामाचा?

काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा, यूएसबीच्या विजेवर चालणारा राउटर. मायक्रोटिकचे छोटे राउटर किंवा जीएल-आयनेटचे प्रवासी राउटर, दोन्ही चालतात. आमच्या बॅगेतली सगळ्यात जास्त वापरली जाणारी वस्तू हीच आहे.

उदाहरण घ्या. मार्केट यार्डातल्या हळदीच्या एका पेढीवर सकाळी सौद्याच्या वेळेला नेट बंद. पेढीचा राउटर बाजूला ठेवायचा, नेटवाल्याची केबल पॉकेट राउटरच्या वॅन पोर्टला (बाहेरून येणाऱ्या नेटच्या) लावायची, पीपीपीओईचं (नेट कंपनीनं लॉगिनसाठी दिलेलं) यूजरनेम-पासवर्ड टाकायचं. नेट आलं तर बिघाड पेढीच्या राउटरमध्ये किंवा आतल्या वायरिंगमध्ये आहे. नाही आलं तर लाइनमध्ये. पाच मिनिटांत हद्द ठरते, आणि नेट आलंच तर राउटर बदलून होईपर्यंत पेढीचं काम पॉकेट राउटरवर चालू राहतं. काही नेट कंपन्या राउटरचा मॅक पत्ता (प्रत्येक उपकरणाचा कारखान्यातून आलेला क्रमांक) बांधून ठेवतात, म्हणजे दुसरा राउटर चालू देत नाहीत. तसं असेल तर पेढीच्या राउटरच्या तळाशी छापलेला मॅक पत्ता आपल्या राउटरमध्ये टाकून बघा, मगच लाइनला दोष द्या.

दुसरा उपयोग म्हणजे नवीन कॅमेरे किंवा अॅक्सेस पॉइंट (वायफाय देणारे डबे) बसवताना. ते आधी पॉकेट राउटरवर लावून सेटिंग करायचे आणि तयार झाल्यावरच पार्टीच्या नेटवर्कला जोडायचे.

विकत घेताना पोर्टचा वेग बघा. १०० एमबीपीएसचा पोर्ट असलेल्या स्वस्त राउटरवर स्पीड टेस्ट केली तर आकडा ९४-९५ च्या वर जात नाही. ३०० चा प्लॅन घेतलेल्या पार्टीला तो आकडा दाखवलात तर नेटवाल्याशी विनाकारण भांडण लागेल, आणि चूक आपली असेल.

पॉकेट राउटर पार्टीच्या नेटवर्कला जोडताना काय सांभाळायचं?

हे उत्तर लांब आहे, पण पूर्ण वाचा.

काही वर्षांपूर्वी मिरजेतल्या एका हॉस्पिटलात एका खोलीतला भिंतीवरचा पोर्ट तपासायचा होता. घाईत माझ्या हातून पॉकेट राउटरची वॅनऐवजी लॅनची (आतल्या नेटवर्कची) बाजू भिंतीत लागली. राउटरचं डीएचसीपी, म्हणजे कॉम्प्युटरना आयपी पत्ते (नेटवर्कवरचे नंबर) आपोआप वाटायची सोय, चालू होतं. नेटवर्कवर एखादा कॉम्प्युटर चालू होतो तेव्हा तो सगळ्यांना उद्देशून विचारतो, 'मला आयपी पत्ता कोण देतंय?', आणि ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा पत्ता घेतो. माझा राउटर हॉस्पिटलच्या सर्व्हरच्या आधी उत्तर देऊ लागला. ओपीडीच्या काउंटरवरचे कॉम्प्युटर एकेक करून १९२.१६८.८ चे पत्ते घेत गेले आणि त्यांचा बिलिंगच्या सर्व्हरशी संबंध तुटला. खाली केसपेपरची रांग दारापर्यंत गेली. एक म्हातारे गृहस्थ काठीवर भार देऊन उभे होते, ते अजून डोळ्यांसमोर आहेत. कारण सापडेपर्यंत २० मिनिटं गेली, आणि राउटर काढल्यावरसुद्धा प्रत्येक कॉम्प्युटरला नवीन पत्ता घ्यायला लावावा लागला.

त्या दिवसापासून आमच्याकडे तीन गोष्टी ठरलेल्या आहेत. पॉकेट राउटरच्या लॅन पोर्टवर लाल टेप असते. ती काढायला नख लावावं लागतं आणि तेवढ्यात डोकं जागेवर येतं. राउटरची आतली पत्त्यांची रेंज १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ ठेवायची नाही, कारण पार्टीकडे बहुधा तीच असते आणि वॅन-लॅन दोन्हीकडे एकच रेंज आली की राउटर गोंधळतो. १०.७७.७७ सारखी कुणाकडे सहसा नसलेली रेंज ठेवा. आणि तिसरं, हॉस्पिटल, बँक, पतसंस्था किंवा कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये कुठलाही पोर्ट लावण्याआधी तिथल्या जबाबदार माणसाला सांगा आणि त्याच्या समोर लावा.

पार्टीच्या कॉम्प्युटरवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर त्याला डीएचसीपीचं उत्तरच मिळालेलं नाही. आणि पत्ता मिळाला आहे पण ओळखीच्या रेंजमधला नाही, तर दुसराच कुणीतरी पत्ते वाटतोय. बहुतेक वेळा कुणीतरी घरून आणलेला जुना वायफाय राउटर केबिनमध्ये 'रेंज वाढवायला' लावलेला सापडतो.

केबल टेस्टरवर आठही दिवे लागतात, तरी नेट हळू का?

दिव्यांचा टेस्टर एवढंच सांगतो की तार या टोकापासून त्या टोकापर्यंत तुटलेली नाही आणि क्रम बरोबर आहे. केबलमधल्या आठ तारांच्या पिळलेल्या चार जोड्या बरोबर आहेत का, हे तो सांगत नाही. दोन्ही टोकांना एकसारखा पण मनाचा क्रम लावला तर आठही दिवे ओळीत लागतात. पण ज्या दोन तारांना एकमेकींभोवती पीळ असायला हवा त्या वेगळ्या जोड्यांत विखुरतात आणि वेग मार खातो. म्हणून टी-५६८बी हा तारांचा ठरलेला रंगक्रम पाठच करा: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पहिल्यांदा क्रिम्प करताना मोठ्यानं म्हणत करा.

दुसरी खूण लॅपटॉपवर दिसते. लिंकचा वेग बघा. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला फक्त १, २, ३ आणि ६ नंबरच्या तारा. दोन्हीकडे गिगाबिट पोर्ट असून लिंक १०० वर येत असेल तर निळी किंवा तपकिरी जोडी कुठेतरी सुटली आहे. तपकिरीचं शेवटचं टोक कनेक्टरमध्ये पूर्ण आत न जाणं हा प्रकार आम्ही इतक्यांदा बघितला आहे की आधी तिथेच बघतो. कनेक्टर टॉर्चसमोर धरा. पारदर्शक प्लास्टिकमधून आठही तांब्याची टोकं पुढच्या भिंतीला टेकलेली दिसायला हवीत. एक जरी मागे राहिलं असलं तरी कापा आणि नवीन मारा.

तांब्याचा विषय निघालाच आहे तर, स्वस्त केबल बऱ्याचदा अॅल्युमिनियमची असते आणि वरून तांब्याचा नुसता मुलामा. ब्लेडनं तार खरवडली की आत चंदेरी दिसतं. घरातल्या दहा मीटरला ती चालूनही जाते. पण शंभर मीटरवरच्या कॅमेऱ्याला त्यातून वीज पाठवायची तर रेझिस्टन्स जास्त, व्होल्टेज पडतं आणि रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेरा बंद होतो. 'दिवसा चालतो, रात्री जातो' अशी तक्रार आली की आधी केबल खरवडून बघा.

पीओईसाठी, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच वीज पाठवण्यासाठी, काय ठेवायचं?

एक गिगाबिट पीओई इंजेक्टर (केबलमध्ये वीज सोडणारा डबा) आणि एक छोटा पीओई टेस्टर. ८०२.३एएफ हा पीओईचा प्रकार म्हणजे पोर्टवर १५.४ वॉट, एटी म्हणजे ३० वॉट. बीटी हा २०१८ चा प्रकार ९० वॉटपर्यंत जातो. हे सगळे समोरच्या उपकरणाची खात्री करून मगच वीज सोडतात. धोका आहे तो २४ व्होल्टच्या 'पॅसिव्ह' इंजेक्टरचा, तो न विचारता वीज सोडतो. गच्चीवरच्या वायरलेस रेडिओसाठी असलेला असा इंजेक्टर कुणी चुकून नेटवर्क स्विचच्या (अनेक उपकरणं एकत्र जोडणाऱ्या डब्याच्या) किंवा लॅपटॉपच्या पोर्टला लावला तर पोर्ट जळू शकतो. अनोळखी केबलला आधी टेस्टर लावा, मग लॅपटॉप.

फायबरसाठी प्रत्येकाकडे काय असावं? स्प्लायसर (फायबर वितळवून जोडायचं यंत्र) न्यायचा का?

स्प्लायसर महाग आणि नाजूक, तो गाडीत एकच असतो आणि मागवला की येतो. प्रत्येकाच्या बॅगेत पॉवर मीटर (फायबरमधला प्रकाश मोजणारा), लाल लेझर (फायबर कुठे तुटली ते दाखवणारा), फायबर साफ करायचं पेन आणि एससी कनेक्टरचा, दोन्ही टोकं हिरवी असलेला एक फायबर पॅच कॉर्ड हवा.

पॉवर मीटर आधी १४९० नॅनोमीटरवर लावा. घरापर्यंत येणाऱ्या जीपॉनच्या (फायबरच्या) लाइनवर खाली येणारा प्रकाश त्याच लांबीचा असतो. बी-प्लस प्रकारच्या ओएनटीची (फायबर जिथे येते त्या घरातल्या डब्याची) मर्यादा -२७ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप; उणे आकडा वाढला की प्रकाश कमी). आम्ही -२५ च्या खाली गेलेल्या लाइनला आजारीच समजतो, कारण आज कशीबशी चालणारी लाइन पावसाळ्यात जॉइंटमध्ये ओल गेली की बंद पडते. आणि ३ डीबी कमी झाले म्हणजे प्रकाश निम्म्यावर आला, हे लक्षात ठेवा. आकडा लहान दिसतो म्हणून फसू नका.

रीडिंग खराब आलं की लगेच केबल तुटली म्हणू नका. कनेक्टर पेननं साफ करा आणि पुन्हा मोजा. शर्टाच्या टोकानं पुसलेला कनेक्टर हा साफ केलेला कनेक्टर नव्हे. हिरवा कनेक्टर ८ अंशांत तिरका घासलेला असतो आणि निळा तसा नसतो. दोघांची जोडी लावली की मध्ये फट राहते आणि प्रकाश वाया जातो. असं जोडलेलं अनेक ठिकाणी सापडतं.

फायबरच्या टोकात कधीही डोळा घालून बघू नका. लाल लेझर निदान दिसतो, पण चालू लाइनमधला प्रकाश डोळ्यांना दिसतच नाही.

कन्सोल केबल, म्हणजे नेटवर्कशिवाय लॅपटॉप थेट स्विचला जोडायची केबल, आता कोण वापरतं?

ज्याला कारखान्यातला मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा) स्विच पासवर्ड आणि आयपी दोन्ही माहीत नसताना सुरू करायचा असतो, तो. कुपवाड एमआयडीसीत जुने स्विच बरेच आहेत. यूएसबी ते आरजे-४५ कन्सोल केबल घ्या, शिवाय एक डीबी-९ चा (जुन्या नऊ पिनच्या पोर्टचा) तुकडा. बहुतेक ठिकाणी वेग ९६००, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. केबलमधली चिप चांगली बघून घ्या, नकली चिपला विंडोजचा ड्रायव्हर ऐनवेळी नकार देतो. आणि ड्रायव्हर घरीच टाकून ठेवा. नेट बंद आहे म्हणून तुम्ही साइटवर आलात, तिथे ड्रायव्हर कुठून उतरवणार?

स्विच कोणता ठेवावा?

पाच पोर्टचा छोटा गिगाबिट स्विच, पोर्ट मिररिंग (एका पोर्टवरच्या डेटाची प्रत दुसऱ्या पोर्टवर) देणारा. यूएसबीवर चालला तर उत्तम.

साइटवर लाइट नसेल तर?

जत, आटपाडीकडे हा प्रश्न येतोच. दोन तास गाडी मारून जावं आणि लाइट नाही म्हणून हात हलवत परत यावं, यासारखं वाईट काही नाही.

२०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे साधारण ७४ वॉट-अवर. ६ वॉट खाणारा राउटर तिच्यावर, वाया जाणारी वीज धरूनसुद्धा, नऊ-दहा तास चालतो. फक्त राउटरला १२ व्होल्ट लागतात आणि पॉवर बँक सरळ तेवढे देत नाही. त्यासाठी टाइप-सी ते १२ व्होल्ट अशी ट्रिगर केबल मिळते. घेण्याआधी पॉवर बँकेवरचं बारीक अक्षरातलं आउटपुट वाचा: ५, ९, १५, २० असं लिहिलं असेल आणि १२ नसेल, तर राउटर चालणार नाही किंवा अर्धवट चालू होऊन सारखा रीस्टार्ट होत राहील. पिनचा आकार, व्होल्टेज आणि मधली पिन पॉझिटिव्ह आहे का, हे तिन्ही राउटरच्या मागच्या स्टिकरवर असतं.

एप्रिल-मे मध्ये पॉवर बँक गाडीच्या डिकीत दुपारभर ठेवू नका. फुगलेली दिसली तर त्याच दिवशी बाद करा.

मोबाइलचं हॉटस्पॉट असताना वेगळं सिमवालं राउटर कशाला?

कारण तुमचा मोबाइल ऑफिसशी बोलायला मोकळा हवा. शिवाय एका कंपनीची रेंज नसेल तिथे दुसऱ्या कंपनीचं सिम कामी येतं. शिराळ्याच्या डोंगराळ भागात हे दोन्ही अनुभव येतील.

पार्टी म्हणते, मोबाइलची रेंज वाढवायचं मशीन बसवून द्या. द्यायचं का?

नाही. परवान्याशिवाय मोबाइल सिग्नल बूस्टर बसवणं आपल्याकडे बेकायदेशीर आहे, आणि त्यानं शेजारपाजारच्यांचं नेटवर्क बिघडतं. आत चांगलं वायफाय बसवून मोबाइलमध्ये वायफाय कॉलिंग चालू करून द्या. पार्टीचं काम त्यानं होतं.

हळदीचं गोडाऊन, बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज, अशा ठिकाणी वेगळं काय लागतं?

हळदीची धूळ बारीक आणि चिकट असते. ती स्विचच्या पंख्यात, रिकाम्या फायबर पोर्टमध्ये, क्रिम्पिंग टूलच्या दातांत, सगळीकडे जाते. प्रत्येक रिकाम्या पोर्टला रबरी टोपी आणि बॅगेत एक कोरडा ब्रश, एवढं तरी हवंच. गोडाऊनमध्ये फायबरचा कनेक्टर उघडायचा असेल तर पोती हलवायचं काम दहा मिनिटं थांबवायला हमालांना विनंती करा. ते थांबतात.

तासगावकडच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये अडचण उलटी असते. आत थंडी, बाहेर ऊन. तासभर आत काम करून लॅपटॉप बाहेर आणला की त्यावर पाणी धरतं, थंड पाण्यानं भरलेल्या तांब्याला बाहेरून धरतं तसं. बाहेर येण्याआधी लॅपटॉप बंद करून चेनच्या पिशवीत घाला आणि अर्धा तास उघडू नका. सिलिका जेलच्या पुड्या बॅगेत कायम ठेवा.

आणि दोन इमारतींच्या मध्ये तांब्याची केबल टाकू नका, अंतर शंभर मीटरच्या आत असलं तरी. वळवाच्या पावसात विजा कडाडल्या की दुसऱ्या दिवशी आमचा फोन थांबत नाही, आणि जळालेल्या पोर्टांपैकी पुष्कळसे अशाच शेड-ते-ऑफिस केबलच्या टोकाला असतात. तिथे फायबर टाका. काचेतून वीज जात नाही.

पुराच्या दिवसांत बॅगेत काय बदलायचं?

सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. तळमजल्यावर रॅक (नेटवर्कचं सामान बसवायची मांडणी) असलेल्या कित्येक पार्ट्यांचं सगळं पाण्यात गेलं. सामान पुन्हा घेता आलं, पण स्विच आणि राउटरची सेटिंग कुणाकडेच लिहिलेली नव्हती, आणि ती आठवून पुन्हा बसवण्यात आठवडे गेले.

तेव्हापासून जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही नदीकाठच्या प्रत्येक पार्टीच्या कॉन्फिगची (सेटिंगची) प्रत काढतो. रॅकचे फोटो घेतो, प्रत्येक केबल कुठल्या पोर्टला आहे ते दिसेल असे. पाणी वाढू लागलं की बॅगेत पाना, कटर, मार्कर आणि पांढरी टेप जास्त घ्या, कारण काम जोडायचं नसतं, रॅक उतरवून वरच्या मजल्यावर न्यायचं असतं. आधी मेन स्विच बंद. पाण्यात उभं राहून कुठल्याही वायरला हात लावायचा नाही, पार्टी कितीही घाई करो.

पार्टीचे पासवर्ड आणि बॅकअप कुठे ठेवायचे?

व्हॉट्सॲपवर नाही, वहीच्या मागच्या पानावर नाही, मोबाइलच्या गॅलरीत नाही. लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट करा आणि पासवर्ड मॅनेजर वापरा. काम सोडून जाणाऱ्या माणसाला माहीत असलेले पासवर्ड त्याच आठवड्यात बदलले जातात. त्याच्यावर अविश्वास म्हणून नव्हे. उद्या कुठे काही झालं तर त्याच्याकडे कुणी बोट दाखवू नये, म्हणून.

स्कूटरवर एवढं सगळं मावतं का?

मावतं. पाठीवरच्या बॅगेत लॅपटॉप, पॉकेट राउटर, पॉवर मीटर. पायाजवळच्या कडक डब्यात हत्यारं. मीटर आणि हत्यारं एकत्र टाकू नका, खड्ड्यांच्या रस्त्यावर क्रिम्पिंग टूल मीटरची काच फोडतं.

साइट सोडताना काय बघायचं?

राउटरवर हिरवा दिवा लागला म्हणजे काम झालं असं धरू नका. पार्टीला तिच्या रोजच्या जागेवर बसवून एक बिल प्रिंट करायला सांगा, ऑफिसातल्या मॅडमना एक मेल पाठवायला सांगा, कॅमेरा मोबाइलवर उघडून दाखवा. बदललेल्या केबलला तारखेची पट्टी लावा.

मग बॅग भरा. आमच्या सगळ्या पॅच कॉर्ड लाल रंगाच्या आहेत आणि पार्टीकडे आम्ही लाल कधीच बसवत नाही. निघताना रॅककडे एकदा मागे वळून बघायचं. लाल काही दिसलं, तर आपलं काहीतरी तिथेच राहिलंय.